अकराचं अॅव्हरेज

१९९६ साली कळंबोलीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये पहिली मोटार आली, ती रणजीतची. कंपनीच्या कागदावर लिटरला अठरा किलोमीटर लिहिलं होतं. गाडी द्यायची अकरा.

रणजीत टाकी काठोकाठ भरायचा, मीटर बघायचा, भागाकार करायचा. उत्तर अकराच. शेवटी त्याने पोपट मेकॅनिकला बोलावलं.

"कंपनी अठरा सांगते ती मोकळ्या रस्त्यावर," पोपट म्हणाला. "पण अकरा म्हणजे कमाल झाली. गाडी काय उभ्या उभ्या पिते का?"

रणजीतचे वडील शिवराम बाजूला फडकं घेऊन उभे होते. ते वाकून काच पुसायला लागले. जन्मभर ट्रक चालवलेला माणूस. आता रोज दुपारी झाडाखाली मुलाची गाडी पुसायचे. त्यांची बायको राजाबाईही सोबतीला खाली उतरायची.

"हिचा निम्मा संसार माझ्या केबिनमधी झालाय," शिवराम हसत सांगायचे. "गाडी दिसली की बसतीया."

ट्रक विकून ही दोघं मुलाकडे आली, तेव्हापासून राजाबाईंची झोप उडाली होती. औषधं झाली, पायाला तेल चोळून झालं. गाडी आली आणि त्यांच्या चेहऱ्यावर तजेला आला.

"दिवाळीपर्यंत पंधरावर गेली नाही, तर विकून टाकतो," रणजीतने जेवताना सांगितलं.

"राहू दे की, लेका," शिवराम म्हणाले. "तिचा पायगुण बघ. तुझी आई झोपाय लागली."

"पायगुणावर गाडी चालत नाही, आबा."

राजाबाई ताटातला भात चिवडत राहिल्या. "वीक बाबा. माझं काय," त्या हळूच म्हणाल्या.

सून उत्कर्षा गॅलरीतून वाळलेले कपडे घेऊन आत आली. "नको विकायला," ती नवऱ्याला म्हणाली. "आईंसाठी राहू दे."

गाडी राहिली.

दोन वर्षांनी शिवराम गेले. पुढच्याच टाकीला गाडीने सोळा दिले. पोपटने त्याचं श्रेय घेतलं आणि नावड्याला स्वतःचं गॅरेज टाकलं. रणजीत खूश होता. राजाबाईंचा मात्र पुन्हा डोळा लागेना. दुःख आहे, ओसरेल, असं सगळे म्हणाले.

एका दुपारी उत्कर्षाने खुंटीवरची किल्ली घेतली. सासूला हाताला धरून झाडाखाली नेलं, पुढच्या सीटवर बसवलं, काचा खाली केल्या आणि इंजिन चालू केलं. गिअर टाकला नाही. त्या घरघरीत राजाबाईंची मान हळूहळू तिच्या खांद्यावर कलली.

पुढच्या टाकीला अॅव्हरेज पुन्हा अकरावर आलं.