बघायच्या दिवशी कॉम्प्युटर बंद

झरीला मुलगी बघायला गेलेल्या शिवकांतपुढे पोह्यांच्या आधी घरातला कॉम्प्युटर आला.

"पाव्हणे, तुमी तर इंजिनिअर. बघा बरं, सकाळपसून चालूच होईना गेलाय," मुलीचे वडील मन्मथअप्पा म्हणाले.

शिवकांतने झाकण काढलं. आत रॅमच नव्हती.

पोहे ठेवायला वाकलेली रुद्राणी पुटपुटली, "रॅम मी काढलीय. मला हे लग्न नको. जमत नाही म्हणा, अप्पाच नकार देतील."

लग्न शिवकांतलाही नकोच होतं. तो सुटल्यासारखा मोठ्यानं म्हणाला, "अप्पा, मला काही हे जमत नाही."

अप्पांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि आत आवाज दिला, "पेढे आणा गं! इंजिनिअर असून चारचौघांत जमत न्हाई म्हणायलाय. इतका खरा माणूस मिळतो कुठं?"