नापास चिरूट

"मनगटात दोन बारीक छिद्रं पाडली, कॅमेरा आत घातला आणि नसेवर दाब देणारा पट्टा कापला," डॉक्टर म्हणाले. "महिन्याभरात चिरूट वळायला लागाल. अंगठा मात्र वाकडाच राहील."

"राहू दे. लहानपणी दारात चेंगरला होता," नेरेइदा म्हणाली. "माझ्या चिरुटाला टोकाच्या पानाच्या टोपीखाली त्याचा खळगा पडतो. डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागतो. माझी बहीण त्याला बेंबी म्हणायची."

दोन वर्षं तिची बोटं लाकडासारखी झाली होती. ज्याचा एकही चिरूट नापास होत नाही, अशाच कारागिराच्या शस्त्रक्रियेचा खर्च कारखाना उचलत असे. बधिर हातांनीसुद्धा नेरेइदाचं काम चोख राहिलं, याचा तिला भारी अभिमान होता.

धाकटी क्रुसिता दवाखान्यात फिरकली नाही. कुठल्या तोंडाने येणार? कारखान्यात नेरेइदाच्या शेजारच्या बाकावर बसून तिने घराण्याचं नाक कापलं होतं. तिचे निम्मे चिरूट ढिले निघत.

"लक्ष कुठे असतं गं तुझं?" नेरेइदा विचारायची.

"तुझ्या गाठी मारण्यात, ताई." नेरेइदाच्या बोटांना गाठ जमत नसे. क्रुसिताच दोघींच्या जुड्यांना जिच्या तिच्या नावाची फीत बांधून तपासनिसाकडे नेई.

शेवटी तपासनीस नेरेइदालाच म्हणाला, "काय करू हिचं?"

"बहीण म्हणून गय करू नका. मला लाज वाटते तिची."

क्रुसिताने मान खाली घालून ऐकलं. नेरेइदाची शस्त्रक्रिया मंजूर होऊन रजा सुरू झाली, त्याच आठवड्यात क्रुसिता राजधानीत धुणीभांडी करायला गेली; त्याला आता तीन महिने झाले होते.

नापास चिरूट ज्याचा त्याने घरी न्यायचा, ही तंबोरिलच्या कारखान्यांची रीत. क्रुसिताची पेटी अजून अर्धी भरलेली होती. आई त्यातलेच ओढायची.

पट्टी सुटली त्या संध्याकाळी आई अंगणातून म्हणाली, "क्रुसिताच्या पेटीतला एक दे गं."

"ते कसले ओढतेस? कचरा आहे नुसता."

"माझ्या लेकीचे आहेत. चालतात मला."

नेरेइदाने एक उचलला. कितीतरी दिवसांनी बोटांना पान कळलं, त्याच्या शिरा कळल्या. चिरूट खरंच ढिला होता. तिने तो चिमटीत धरून टोपीपर्यंत बोट फिरवलं आणि थांबली.

मग दुसरा उचलला. मग तिसरा.

प्रत्येकाला बेंबी होती.