पूजाचा चर

"राष्ट्र तरुणांच्या मनगटावर उभं राहतं!" असं काकासाहेबांनी भिंगारच्या घरी खुर्चीतून जाहीर केलं आणि लेकीला पंखा एकने वाढवायला सांगितलं.

लेकीला, म्हणजे पूजाला, पुण्याच्या एका बड्या कॉलेजात जायचं होतं. सुट्टीत समाजासाठी काय केलं, हे तिथे मुलाखतीत विचारणार होते. पूजा सुट्टीत उशिरा उठत होती.

शोधाशोध झाली. वृद्धाश्रम मैत्रिणीने पटकावला होता. अनाथाश्रमात दिवाळीपर्यंत जागा नव्हती. शेवटी पारनेर तालुक्यातल्या एका गावात श्रमदान मिळालं. डोंगरउतारावर चर खणायचा, पावसाचं पाणी अडवायचं. मुक्काम भागवत आणि सविता या शेतकरी जोडप्याकडे.

भागवतने कुदळ दिली, चुन्याने आखलेली जागा दाखवली. माती भुसभुशीत लागली. पूजाला स्वतःच्या दंडांविषयी आदर वाटू लागला. तो तासभर टिकला. मग तळहाताला फोड आले.

"ताई, तुमी बसा सावलीला," भागवत म्हणाला. "ऊन लई हाय."

ती बसली. भागवत संध्याकाळपर्यंत खणत राहिला. मग सविताने पूजाच्या गालाला माती लावली, जरा लांबून पाहिलं आणि कपाळालाही लावली.

"हां. आता काढती फोटू. कुदळ वर धर."

काकासाहेबांनी तो फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवला. खाली लिहिलं, 'आमची वाघीण'.

जेवताना भागवतने कमरेला हात लावून पाठ ताणली. पूजाने ताट बाजूला सारलं.

"काका, घाम तुमचा आणि फोटो माझा. लाज वाटते मला."

"चालतंय गं, जेव," सविता म्हणाली.

"नाही चालत. उरलेला चर उद्या मी एकटी खणणार. तुम्ही हात लावायचा नाही."

भागवत आणि सविताने एकमेकांकडे पाहिलं.

पूजाने घरी फोन केला.

"अगं, मुलाखत उद्याच आहे!" काकासाहेब ओरडले. "वर्ष जाईल!"

"जाऊ दे पप्पा. खोटं सांगून जागा नको मला."

काकासाहेबांनी स्वतः उठून पंखा एकने वाढवला. असं प्रथमच घडत होतं.

दुसऱ्या दिवशी पूजाने हाताला फडकी बांधून खणलं. फडकी लाल झाली. पुण्यात तिच्या नावाचा पुकारा होऊन गेला असेल, तेव्हा ती कमरेएवढ्या खड्ड्यात उभी होती. उन्हं उतरताना चर पुरा झाला, आखलेल्यापेक्षा वीतभर खोलच. काठावर बसून ती हमसून रडली. आयुष्यात पहिल्यांदा तिने काहीतरी खरं केलं होतं.

भागवत मान खाली घालून उभा होता.

"काका, आता हा माझा ना?"

"व्हय तर. तुझाच."

त्याने पायाच्या अंगठ्याने जमीन उकरली. सविताकडे पाहिलं. सविता डोंगराकडे बघत राहिली.

"पोरी, येक इनंती हुती," भागवत म्हणाला. "बस यायला टाईम हाय, तवर ही माती तेवढी परत आत लोटती का? उद्या नाशिकची पोरं येत्यात, आन् डोंगरावर खनायला दुसरी जागाच राह्यली न्हाई."