श्वासाएवढं पाणी

त्या सकाळी तलावात आठ सारस, एकोणतीस म्हशी आणि सहा डोंगे होते. दाट धुक्यात यातलं काहीच दिसत नव्हतं. पण पाण्यात कुणीही उतरलं की अख्खा तलाव किंचित वर चढतो, आणि तलावाची पातळी मोजायला आलेल्या ऋताचं यंत्र तेवढी वाढही मोजू शकत होतं.

शिंगाडे काढायला गेलेल्या नत्थू दिघोरेचा डोंगा उलटा सापडला होता. हाकेला ओ नव्हती. बाकीचे ढिवर मासेमार त्याला शोधत होते.

“सगळ्यांना बाहेर बोलवा,” ऋता म्हणाली. “म्हशीसुद्धा काढा.”

“माहा नवरा पाण्यात हाये,” नत्थूची बायको तुळसा कडाडली, “अन् तुह्या डब्ब्यापायी शोधणाऱ्यायले बाहेर काढू?”

“काकू, या हालचालीत काकांचा श्वास हरवतो. ते छातीभर पाण्यात उभे असतील, तर छाती फुगली की तलाव वर येतो. श्वास सोडला की उतरतो.”

“येवढा मोठा तलाव?”

“एवढा मोठा.”

तुळसा धुक्याकडे वळली. तिने हाक दिली, “काढा रे डोंगे!”

डोंगे काठावर ओढले गेले. म्हशी निघाल्या. सारस आपणहून उडाले.

यंत्राच्या पडद्यावरची रेघ सपाट झाली आणि तशीच राहिली. तुळसाने ऋताचं मनगट घट्ट धरलं. मग दोन-चार अणूंच्या जाडीइतकं, तीनशे एकर पाणी एकदम वर आलं आणि खाली गेलं. पुन्हा वर आलं.

यंत्राला जोडलेल्या, चार काठांवरच्या मापकांनी मिळून जागा सांगितली.

ईशान्य काठापासून नव्वद मीटर. मिनिटाला सव्वीस श्वास.