उजेडातलं चित्र

"पडदे ओढून घ्या, म्हणजे हा छोटा प्रोजेक्टरही चालेल," सेनाइदा म्हणाली. "उगाच महागाचा कशाला?"

"पडदे ओढायचे नाहीत," गिऱ्हाईक म्हणालं. "दिवेही चालूच राहतील."

सेनाइदानं त्याला नीट न्याहाळलं. बुटांना लाल माती, बोली राजधानीची, लिमाची. डोंगरातल्या आयाकुचोच्या बाजारात तिचं प्रोजेक्टर भाड्यानं द्यायचं दुकान जुनं होतं. लग्नवाले, फुटबॉलवाले, सगळ्यांना अंधार हवा असायचा. भरल्या उजेडात चित्र दाखवणारे तिला एकच माहीत होते: गावाला गोड चित्रं दाखवून चालू दिव्यांत कागदावर अंगठे घेणारे.

"खाणवाले का तुम्ही?"

"नाही."

"मग निवडणूक?"

"नाही हो, बाई. चर्चमागचा हॉल आहे. मोठा, चार खिडक्यांचा. मागच्या बाकावरून तपकिरी लोकर आणि काळी लोकर वेगळी ओळखू यायला हवी."

"लोकर विकता?"

त्यानं नकारार्थी मान हलवली. पुढे काही बोललाच नाही. न बोलणारा माणूस तिला खोटं बोलणाऱ्याहून वाईट वाटे. तरी तिनं मधला प्रोजेक्टर लावला आणि शटर ओढायला निघाली.

"राहू द्या उघडं."

भर दुपारचं ऊन थेट भिंतीवर येत होतं. चित्र ताकासारखं पातळ पडलं. त्यानं नकार दिला. मग तिनं कपाटावरचा सगळ्यात जड, सगळ्यात प्रखर प्रोजेक्टर उतरवला.

"तुमचंच काहीतरी लावा," ती म्हणाली. "काय दाखवणार ते मलाही कळू दे."

तो घुटमळला. मग खिशातून पेन ड्राइव्ह काढून त्यानं जोडला.

भिंतीवर एक स्वेटर उमटला. लहान मुलाचा. पांढऱ्या कापडावर पसरलेला, शेजारी मोजपट्टी. कोपरावर लाल लोकरीनं रफू. उन्हातही एकेक टाका दिसत होता.

"हे काय?"

"वरच्या कुरणात माणसं पुरलेला जुना खड्डा उघडलाय," तो हळू आवाजात म्हणाला. "आम्ही हाडं काढतो, कपडे धुतो. रविवारी गावातल्या बाया ओळखायला येतील. मागच्या वेळी आम्ही दिवे मालवले, तर म्हाताऱ्या किंचाळत दाराकडे धावल्या. सैनिकांनी रात्री त्यांची माणसं नेली, तेव्हाही आधी दिवेच गेले होते."

सेनाइदा त्या लाल रफूकडे पाहत राहिली.

"हाच द्या," तो म्हणाला आणि पेन ड्राइव्ह काढायला वाकला.

तिनं त्याचं मनगट धरलं. तिची नजर भिंतीवरून हलली नव्हती.

"थांबा. पुढचं दाखवा," ती म्हणाली. "त्यांच्यात कान झाकणारी निळी टोपी आहे का एखादी?"