तीन ग्रॅम मीठ

संगमनेरच्या डॉक्टरांनी धोंडीभाऊंना बजावलं, "दिवसाला तीन ग्रॅम मीठ. जास्त झालं तर किडनी जाईल." तेव्हापासून त्यांच्या बायकोला, हौसाबाईला, घास गिळवेना. तिचा सारा स्वयंपाक चिमटीचा. ग्रॅम तिला कुठून कळावेत? किराणावाल्याच्या काट्यावर तेवढंसं उमटेना. शेवटी मिठाची पुडी आणि घरातला चमचा घेऊन ती सोनाराची पायरी चढली.

"काय मोडायचं, वहिनी?" बाळूशेटनं विचारलं.

"मोडायचं न्हाई, शेट. तीन ग्रॅम मीठ तोलून द्या."

शेटनं तोललेलं मीठ तिच्या चमच्यात ओतलं. चमचा जेमतेम निम्मा भरला.

"दिसभराचं एवढंच?" हौसाबाईनं चमचा डोळ्यांजवळ नेला.

शेट चमच्याकडं बघतच राहिले. मग घाबऱ्याघुबऱ्या त्यांनी आत हाक मारली, "अगं, आपला मिठाचा चमचा आण! डॉक्टरनं वर्षापूर्वी मलाबी तीनच सांगितलेत, अन् आपण अंदाजानं घालतोय."