उत्तराची जागा

स्लेट बोलता बोलता थांबला आणि स्पीकरमधून नुसती शांतता यायला लागली.

ऑर्नेटा टिब्सने मान पुढे केली. चार-पाच सेकंदांनी स्लेटचा आवाज पुन्हा सुरू झाला, मध्ये काहीच घडलं नसल्यासारखा.

"बिघडलं का रे हे?"

"नाही, मिस ऑर्नेटा. साफ झालंय." टेविन खुर्चीत तिच्याकडे वळला. पोरगा हुशार होता, अटलांटाहून गॅरी गावात या कामासाठीच आला होता. उद्यापासून समाजकेंद्रात शाळेच्या मुलांना स्लेटचं, इथल्याच एका तरुण गायकाचं, हे जुनं भाषण ऐकवायचं होतं. कॅसेट ऑर्नेटाची, तेव्हा आधी तिची परवानगी लागणार होती. "तुमच्या कॅसेटवर लोक ओरडतायत, पाय आपटतायत, कुणाचं तरी पोर रडतंय. कॉम्प्युटरला स्लेटचा आवाज ओळखायला शिकवला आणि बाकीचा गोंगाट काढून टाकला. आता एकेक शब्द कसा काचेसारखा ऐकू येतो बघा."

"गोंगाट," ऑर्नेटा म्हणाली. "चर्चला जातोस का रे?"

"ईस्टरला जातो की."

"तरीच. दर रविवारी गेला असतास तर कळलं असतं, बोलणाऱ्याला माणसं अशीच ओरडून उत्तर देतात. लाव पहिल्यापासून."

टेविनने लावलं.

"गाणी नंतर," स्लेट म्हणाला. तेवीस-चोवीस वर्षांचा आवाज, जरासा घोगरा. "आज आधी बोलायचंय. पोलादाचा कारखाना गेला, आपण म्हणालो, बघू. दवाखाना गेला, आपण म्हणालो, बघू. पुढच्या वर्षी ही शाळाही जाईल. आपली पोरं एकेक करून तुरुंगात गेली, आणि आपण आपापली दारं लावून घेतली. हो की नाही?"

शांतता.

इथे चर्चमधली सिस्टर मेबेल ओरडली होती, "बोल, लेकरा, बोल!" ल्यूशसने, ऑर्नेटाच्या नवऱ्याने, लाकडी बाकावर पाय आपटला होता आणि मग शाळेच्या व्यायामशाळेत जमलेले सगळेच पाय आपटायला लागले होते. आता मेबेल नव्हती, ल्यूशस नव्हता. गल्लीत संध्याकाळी दिवा लागायचा तो एकट्या ऑर्नेटाच्या घरात. आणि इथे स्लेट प्रश्न विचारत होता, थांबत होता, आणि कुणी न बोलल्यावर आपलाच पुढे जात होता.

"एकटा पाडलास रे त्याला," ती म्हणाली.

टेविनचा चेहरा उतरला. "मूळ कॅसेटला धक्का नाही लावलेला. तुम्ही म्हणाल तर सगळं परत आणतो. आत्ता, दोन मिनिटांत." मग जरा थांबून त्याने विचारलं, "त्यात तुमचा आवाज होता का?"

"असेल. खूप माणसं होती."

स्लेट बोलतच होता. "शवपेटी उचलायची म्हटली की आपल्यातले सहा जण लगेच उभे राहतात. कोट घालून, हातमोजे घालून. पण तेच पोर जिवंत असताना त्याला उचलायला कोण येतं? सहा नकोत मला. एक सांगा. आहे का कुणी?"

शांतता.

कॅसेटवर इथे एका बाईचा आवाज होता. "मी आहे." विचार करायच्या आत निघालेला, थोडा चिरका. त्याच्यामागून मग शंभर आवाज. शंभरांचं पुढे काय झालं ते ऑर्नेटाला ठाऊक नव्हतं. तिचं म्हणाल तर एकदा म्हटलं ते म्हटलं. तिच्या पुढच्या खोलीत वर्षानुवर्षं दुसऱ्यांची पोरं झोपत आली. कुणी आठवडा राहिलं, कुणी मोठं होईपर्यंत. एकजण ह्यूस्टनहून नाताळाला फोन करतो. दोघं तुरुंगात आहेत. एकाला तिने स्वतःच माती दिली. हल्ली खोलीतल्या पलंगावर नुसती धुतलेली चादर असायची.

परत आण, असं म्हणायला तिने तोंड उघडलं. मुलं ऐकतील त्यात आपला आवाज तरी राहावा, एवढंच तिला हवं होतं. स्लेट तर त्या भाषणानंतरच्या उन्हाळ्यातच वारला. तो बोलला आणि आपण उत्तर दिलं, याला आता त्या कॅसेटशिवाय दुसरा साक्षीदार नव्हता.

पण स्लेट थांबला होता ती जागा अजून तिच्या कानात होती. कॅसेटवर तिथे उत्तर लगेच यायचं. इतकं लगेच, की पुढे ज्याने ज्याने ती कॅसेट ऐकली त्याला काही करायचं उरायचंच नाही.

"राहू दे असंच," ती म्हणाली.

"नक्की?" टेविन खुलला. "मग या मधल्या रिकाम्या जागा तेवढ्या कापतो. नाहीतर मुलांना वाटायचं, मशीन बंद पडलं."

"हात लावून बघ. कान पिरगाळीन."

"मिस ऑर्नेटा, पाच सेकंद म्हणजे फार होतात. हलकंसं संगीत टाकू का खाली?"

"काही टाकू नकोस. तेवढाच भाग परत लाव. आणि बटणाशी चाळा करू नकोस, नीट बस."

टेविनने हसत लावलं आणि हाताची घडी घालून बसला. स्लेट बोलला. शवपेटी, सहा जण, कोट, हातमोजे. "आहे का कुणी?"

ऑर्नेटाने ओठ घट्ट मिटून घेतले.

खोलीत कुठेच आवाज नव्हता. टेविन आधी स्पीकरकडे बघत होता. मग त्याचं हसू गेलं, आणि त्याने मान वर केली, भरल्या वर्गात कुणी आपलं नाव पुकारावं तशी.